कीटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू : शिब्यांवर कितपत उपयोगी?

औषधांच्या दुकानात कोंड्यासाठी मिळणारा हा शाम्पू मला त्वचारोगतज्ज्ञांनी छाती आणि पाठीवरच्या शिब्यांसाठी लिहून दिला होता, त्यामुळे केसांवरील परिणामाबद्दल येथे काही लिहीत नाही.

शिबे मॅलासेझिया नावाच्या बुरशीमुळे येतात. ती निरोगी माणसाच्या त्वचेवरही असतेच. त्वचेच्या तेलकटपणावर जगते आणि घाम व दमट हवा यांची साथ मिळाली की फोफावते. तिच्यामुळे त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्यात अडथळा येतो आणि फिकट, क्वचित तपकिरी डाग उमटतात, जे नखाने हलके खरवडल्यास बारीक भुसा सुटतो. हा रोग स्पर्शाने पसरत नाही आणि कोडाशी त्याचा काही संबंध नाही, तरी रुग्णाचा टॉवेल वेगळा ठेवण्याचा उत्साह घरोघरी दिसतो.

अंग ओले करून डागांवर व त्यांच्या आजूबाजूला फेस चोळायचा, पाच मिनिटे ठेवायचा आणि धुऊन टाकायचा, असे दिवसातून एकदा, जास्तीत जास्त पाच दिवस. पाठीसारख्या मोठ्या भागावर मलमापेक्षा हे कितीतरी सोयीचे वाटले. खाज आणि भुसा लवकर थांबला. डाग मात्र तसेच राहिले, कारण बुरशी मेली तरी त्वचेचा रंग पूर्ववत होण्यास काही महिने लागतात. मी घेतलेल्या बाटलीवर याचा उल्लेख नव्हता, आणि माझ्या मते हीच या उत्पादनाची सर्वांत मोठी उणीव आहे. औषध लागू पडले नाही असे समजून माणूस दुकानदाराकडून स्टेरॉइड असलेले मलम घेऊन येतो आणि बुरशीला मोकळे रान मिळते. खरवडल्यावर भुसा सुटत नसेल, तर औषधाने आपले काम केले आहे असे समजावे.

बाटली लहान असल्याने अंगासाठी वापरताना ती लवकर संपते. शिबे पुन्हा उद्भवण्याची खोडही या शाम्पूने कायमची जात नाही, म्हणून दमट हवेत राहणाऱ्यांनी पुढील वापराचे अंतर डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. कीटोकोनॅझोलच्या गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नयेत, त्यांनी यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

फिकट डागावर स्पर्श, ऊन-थंड किंवा टोचलेले जाणवत नसेल, तर हा शाम्पू विकत घेऊच नये. तो कुष्ठरोग असू शकतो, आणि त्याची तपासणी व औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.