वाळलेला पाला: श्रेडर घ्यावा की जाळीचा पिंजरा?

माघ संपत आला की पुण्यात आमच्या सहकारनगरात सकाळी साडेसहाला आधी खराट्याचा आवाज येतो आणि मग धुराचा वास. तो वास बंद करायचा म्हणून आमच्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीने आधी श्रेडर, म्हणजे पाल्याचा चुरा करणारं यंत्र, घेतला आणि दोन वर्षांनी पाला कुजवायला जाळीचा पिंजरा उभा केला. दोन्ही अजून आवारात आहेत, त्यामुळे दोघांबद्दल थोडंफार बोलता येईल.

जाळणं हा पर्याय इथे धरलेलाच नाही. तरी प्रत्येक मीटिंगमध्ये एक काका उठतातच: "आपल्या कुंपणाच्या आत काय जाळायचं ते आपण ठरवू." त्यांच्या बाजूने एवढं खरं, की २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतलं 'कचरा टाकू, जाळू, पुरू नये' हे कलम आवाराबाहेरचे रस्ते, मोकळ्या जागा, नाले यांच्याबद्दल बोलत होतं. पण त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळायला देशभर सरसकट बंदी घातली. किरकोळ जाळलं तर ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,००० रुपये. त्यात कुंपणाची सवलत नाही. शिवाय बागेतला पाला वेगळा साठवून महापालिका सांगेल तसा मार्गी लावायचा, हेही त्या २०१६ च्या नियमांनी ज्याच्या आवारात तो पडतो त्याच्याच गळ्यात घातलं होतं. गच्चीवर शेगडी पेटवून कणसं भाजणं माझ्या समजुतीप्रमाणे निराळं. १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्यातही जाळण्यावर बंदी घालायचा अधिकार आहे तो इंधन सोडून इतर वस्तूंसाठी. वॉचमनच्या शेकोटीचं मात्र अवघड आहे. रात्री अकराला तिच्यात सरपण असतं, पहाटे तीनला थर्माकोल.

तर श्रेडर. यंत्र म्हणून मला त्याच्याबद्दल तक्रार नाही. पोतंभर पाल्याचा ओंजळीत मावेल असा चुरा होतो म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण दहा पोत्यांची दोन होतात हे मी पाहिलंय. बारीक झालेला पाला कुजतोही लवकर; आमच्या खताच्या टाकीत तीनेक महिन्यांत काळं खत दिसायला लागलं होतं. नारळाच्या झावळ्या आणि छाटलेल्या फांद्या यांच्यासाठी तर दुसरा उपाय मला माहीत नाही. आवाज आहे, धूळ आहे, आणि पाल्यातून गुटख्याची पुडी किंवा दिवाळीच्या माळेची तार गेली की पातं अडकतं. हे सगळं चालवून घेता आलं असतं.

चालवून घेता आली नाही ती किल्ली. श्रेडर महाग, त्यात हात जायची भीती, म्हणून तो मीटररूममध्ये कुलपात. किल्ली सेक्रेटरींकडे. झाडणाऱ्या मावशी सव्वासहाला येतात, आठला त्यांना दुसऱ्या सोसायटीत जायचं असतं, आणि सेक्रेटरी त्या वेळेत तळजाईवर फिरायला. मग ढीग कंपाउंडच्या कोपऱ्यात थांबायचा. माळीकाका आठवड्यातून दोनदा येतात. त्यांनी यंत्र लावावं असं ठरलं, तर ते आले त्या दिवशी लाइट नाही. एका मार्चमध्ये तो ढीग गुडघ्याएवढा झाला आणि एका सकाळी पेटलेला सापडला. कोणी पेटवला ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, आणि मावशींच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. यंत्र कुलपात आणि काडीपेटी पदराला, यात कोण जिंकणार?

पिंजरा मी स्वतः केला. कोंबड्यांसाठी मिळते ती जाळी, चार बांबू, बांधायला तार. दोन हजारांच्या आत काम झालं. चार फूट रुंद, चार फूट उंच, झाकण नाही, दार नाही. आणि जागा मुद्दाम निवडली: झाडणं जिथे संपतं तिथेच, आंब्याच्या मागे. मावशींनी पहिल्या दिवशी त्याच्याकडे पाहिलं, सुपलीने पाला आत उलटा केला आणि निघून गेल्या. त्यानंतर आमच्या आवारात धूर झालेला नाही. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच आहे.

त्याचे नखरे आहेत. नुसता वाळका पाला वर्षभर तसाच बसतो. त्यात कर्ब भरमसाट आणि कुजायला लागणारं नत्र कमी. म्हणून वीतभर थर झाला की शेणाचं पाणी, नाहीतर आंबट ताक आणि थोडा गूळ. आणि ओल हवी. पुण्यात पाला पडतो नेमका पाणी जपायच्या दिवसांत, तेव्हा आम्ही भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी घरोघरी बादलीत ठेवतो. कोरडा पिंजरा म्हणजे सिगारेटच्या थोटकाची वाट बघणारी होळीच, हे विसरू नका. रेन ट्रीची बारीक पानं पटकन जिरतात, बदामाची बरी, आंब्याची चिवट. होळीला छातीपर्यंत भरलेला पिंजरा गणपतीत मांडीपर्यंत उतरतो, आणि दिवाळीनंतर तळातून चाळून खत निघतं. घाई असलेल्यांना हे जमणार नाही. उंदरांबद्दल विचारतात, स्वयंपाकघरातलं खरकटं आत टाकलं नाही तर आम्हाला तरी त्रास नाही.

तिसरा मार्ग पाला पोत्यात भरून देऊन टाकण्याचा. पुण्यात ब्राउन लीफसारखा उपक्रम पाला असणाऱ्यांची आणि हवा असणाऱ्यांची गाठ घालून देतो, आणि गच्चीवर बाग करणारे लोक मातीवर पसरायला आनंदाने नेतात. जागाच नसेल तर हेच करा. फक्त नेणारा येईपर्यंत पोती पार्किंगमध्ये राहतात, आणि पार्किंगवरून काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

तुमच्याकडे नारळ जास्त असतील, रोज हजर असणारा माळी असेल, तर श्रेडर वाईट नाही. मोठ्या सोसायट्यांना कदाचित तोच परवडेल. वीस-पंचवीस बिऱ्हाडं आणि सकाळी दोन तास येणाऱ्या मावशी एवढंच असेल, तर मी आधी दोन हजारांची जाळी आणून बघेन.

श्रेडर आम्ही विकलेला नाही. झावळ्या साठल्या की वर्षातून दोनदा बाहेर निघतो. किल्ली अजून सेक्रेटरींकडेच असते.