डॉसच्या जुन्या हिशेबाची तारीख सुधरवून देणारं दुकान : ४ स्टार

आमचं गावातलं खत-बियाण्याचं दुकान, उधारीचा सगळा हिशेब बाबांच्या १९९५ च्या क्लिपर नावाच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतल्या प्रोग्रामवर, काळा स्क्रीन, विंडोजच्या आधीचा डॉसवाला. हार्ड डिस्क खरखर करायले लागली तं तालुक्याले दोन जागी दाखवली, दोघंही म्हणे फेका हे, नवीन घ्या, दर साली रिन्यूअल. बाबा ऐकतात होय! मंग बसस्टँडमागच्या या दुकानात गेलो.

पोरानं डेटा काढाच्या आधी आमचं एक छापील बिल पाह्यलं आन् म्हणे, "काका, हे तारीख तं गुरुवारची आहे, यावर फ्रायडे कसा?" आम्हाले वाटे प्रोग्रामलेच वार येत नाही, इतकी वर्षं गिऱ्हाईक हासत होते. तो म्हणे वर्ष २६ टाकलं का हा प्रोग्राम १९२६ समजते, आन् १९२६ चा वार २०२६ पेक्षा एक दिवस पुढं. व्याज तरी बरोबर निघे, कारण २००० लागल्यावर बाबांनी सगळ्या बाक्या ०१/०१/०० ले नव्यानं चढवल्या होत्या, म्हणजे उधारीची आन् वसुलीची, दोन्हीकडच्या तारखा शंभर वर्षं मागं, दिवस तेवढेच. फक्त २९/०२/०० काही केल्या घेतली नव्हती, १९०० लीप वर्ष नव्हतं ना, तेवढं एका दिवसाचं व्याज बुडालं.

सोर्सच्या, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ कोडच्या फायली फ्लॉपीवर होत्या म्हणून जमलं. त्यात त्यानं 'सेट इपॉक टू १९५०' एवढी एकच ओळ टाकून परत कंपाइल केलं, म्हणजे त्या कोडचा चालणारा प्रोग्राम नव्यानं बनवला, आता ५० ते ९९ म्हणजे एकोणीसशेचे आन् ०० ते ४९ दोन हजारचे. पण जुन्या एन्ट्र्या डीबीएफमधी, म्हणजे डेटाच्या फायलीत, आठ आकडी असतात, १९२६०४०१ अशा, त्या काही आपोआप बदलत नाहीत. आधी कॉपी काढली, मंग छोटा प्रोग्राम लिहून १९५० च्या आतल्या सगळ्यांले शंभर वर्षं पुढं ढकललं. हे आम्ही न सांगता त्यानं केलं, मले आवडलं.

एक स्टार कायले कापला तं दोन दिवस सांगून सहा लावले, आन् थकबाकीच्या यादीत तारीख टेक्स्टमधी आहे, म्हणजे वर्षाचे नुसते दोन आकडे पाहून क्रम लागते, तिथं ०३ चं खातं अजूनही ९८ च्या वरच येते, ते तसंच ठेवलं. १८०० घेतले, ठीक आहे.

जाल तं फ्लॉप्या सोबत न्या, नुसता सीपीयू उचलून नेऊ नका. मंगळवारी बंद असते.