आधी ठसा की आधी टॅबलेट?
झाडापानांचे आकार आणि पारंपरिक हस्तकला यांच्या आधारे कापडासाठी किंवा भिंतीच्या कागदासाठी नक्षी घडवायची, एवढे ठरल्यावर पुढचा प्रश्न असतो तो हातात आधी काय घ्यायचे हा: लिनो (ठसा कोरण्याचा मऊ तक्ता) आणि कोरणी, की चित्र काढायचा टॅबलेट. मी दोन्ही मार्गांनी काम केले आहे. तरीही पुढचे मत माझ्या हाताच्या सवयीतून आलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

टॅबलेटची बाजू मुळीच लंगडी नाही. हाफ-ड्रॉपमध्ये, म्हणजे शेजारची उभी ओळ अर्ध्या उंचीने खाली सरकवल्यावर, नक्षी कशी दिसेल ते रेखाटतानाच कळते. फुलांमधल्या मोकळ्या जागा एका रेषेत येऊन नको असलेला पट्टा उमटत असेल, तर तोही तिथेच दिसतो. हेच कागदावर करायचे तर चित्राचे चार तुकडे कापून कोपरे आत फिरवावे लागतात आणि मध्ये उरलेली जागा नव्याने भरावी लागते. रंगसंगती बदलण्याबाबत तर तुलनाच नको.

माझे घोडे अडले ते चित्र मोठे करून पाहण्याच्या सोयीपाशी. नेच्याचे एक पान मी दोन दिवस काढत बसलो आणि त्याच्या प्रत्येक पर्णिकेला शीर दिली. कापडावर ते पान अंगठ्याएवढे छापून आले, तेव्हा शिरा एकमेकींत मिसळून नुसता करडा डाग उरला होता. छपाई करणाऱ्याचा यात काहीही दोष नव्हता. त्यानंतर चित्र मोठे करायचेच नाही असा नियम मी केला, पण तो एक दुपारसुद्धा टिकला नाही.

लिनोवर हा मोह होतच नाही, कारण फार बारीक ठेवलेली रेघ कोरतानाच तुटते, आणि म्हणून पानातले काय गाळायचे ते कोरणी लावण्याआधी ठरवावे लागते. अजरखच्या, म्हणजे कच्छ-सिंधकडच्या पारंपरिक ठसेकामाच्या, छपाईत बाह्यरेषेचा, पार्श्वभूमीचा आणि आतल्या भरणीचा ठसा वेगवेगळा असतो. तिथेही हा निर्णय लाकडावर आधीच झालेला असतो. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी बागेतल्या स्ट्रॉबेरी पळवणाऱ्या कस्तूर पक्ष्यांवरून 1883 मध्ये केलेली नक्षीसुद्धा लाकडी ठशांनीच छापली जात असे, आणि तिच्यातले पक्षी दाट पानांतही स्पष्ट ओळखू येतात.

ज्यांना कमी वेळात पुष्कळ नमुने द्यायचे आहेत, त्यांना टॅबलेट कदाचित अधिक सोयीचा पडेल. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र, निदान माझ्या मते, पहिले आठ-दहा आकार लिनोवर कोरावेत, त्यांचे छाप स्कॅन करावेत आणि रिपीट (नक्षीची सलग पुनरावृत्ती) जुळवण्यापुरतेच संगणकाकडे जावे. लिनोवर कोरलेल्या माझ्या नेच्याला आता सातच पर्णिका आहेत आणि शीर एकीलाही नाही.