तीन महिने भाड्याची ट्रेडमिल आणि मग तळजाई : नवीन पळणाऱ्यांसाठी माझा रिव्ह्यू

पळायला सुरुवात करायचीये पण ट्रेडमिल घ्यावी की सरळ बाहेर पडावं यात जे अडकलेत त्यांच्यासाठी लिहितेय, कारण जूनमध्ये मी ह्याच प्रश्नावर दोन आठवडे घालवले. वय ४३, शाळेतल्या खो-खोनंतर कधी पळाले नव्हते. घर पुण्यात सहकारनगरला, म्हणजे तळजाई टेकडी चालत दहा-पंधरा मिनिटांवर, त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच, मशीन कशाला पाहिजे. पण पाऊस सुरू झालेला, सकाळी डब्यांची घाई, आणि टेकडीवर रोजच्या लोकांसमोर दोन मिनिटांत धापा टाकत थांबायची मला खरंच भीती वाटत होती.

विकत घ्यायला ४०-५० हजार घालायची हिंमत होईना म्हणून भाड्याने घेतली. महिना २२००, डिपॉझिट ५०००, आणणं-नेणं आणि जोडणी १२००. पुण्यात भाड्याने देणारे बरेच आहेत, दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा. आणि आधी घराचा दरवाजा, जिना, लिफ्ट सगळं मोजून घ्या, आमच्याकडे ती लिफ्टमध्ये बसलीच नाही, दोन माणसांनी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवली आणि त्याचे ३०० वेगळे द्यावे लागले. जागा फक्त मशीनपुरती धरू नका, मागच्या बाजूला निदान दीड-दोन मीटर मोकळं हवं. पाय चुकला तर पट्टा आपल्याला मागे फेकतो आणि मागे भिंत असेल तर माणूस भिंत आणि फिरत्या पट्ट्याच्या मध्ये अडकतो, त्यामुळे आम्ही दिवाण हलवला पण ती जागा सोडली.

मशीनबद्दल सांगते. जाहिरातीत ४ एचपी लिहिलेलं असतं ते पीक, म्हणजे मोटर क्षणभर जास्तीत जास्त किती जोर लावू शकते तो आकडा. आपण बघायचा तो कंटिन्युअस एचपी, म्हणजे मोटर सतत चालताना जो जोर देते तो, माझ्या मशीनचा तो २ होता. हळू पळायला तेवढा पुरला. पट्टा १२० सेंटीमीटर लांब, ४२ रुंद. मी ५ फूट २ इंच आहे, मला चालला, नवरा ५ फूट ११, तो पळायला लागला की पाय पुढच्या कव्हरला लागायचा म्हणून त्याने दोन दिवसांत सोडून दिलं. उंच असाल तर १४० च्या आसपासचाच पट्टा बघा, नाहीतर आखूड पावलांनी पळायची सवय लागते. भाड्याच्या मशीनला चढ बटणाने होत नव्हता, खाली उतरून मागची खुंटी हाताने बदलायची, तीनच पायऱ्या. १ टक्का चढ ठेवाच असं नेटवर सगळे सांगतात, ते १९९६ च्या एका ब्रिटिश अभ्यासावरून आलंय, बाहेर वारा कापायला जी ताकद लागते ती भरून काढायला. पण त्यातले धावपटू सराईत होते आणि वेग ताशी साडेदहा किलोमीटरच्या पुढचे. आपण ७ नी पळताना त्याचा विचार करायची गरज नाही, सपाटवरच पळा.

आता ट्रेडमिलने मला जे दिलं ते, आणि ह्यासाठी मी तिचे पूर्ण मार्क देते. हळू पळणं शिकवलं. नवीन माणूस बाहेर पळायला गेला की त्याला पळणं म्हणजे बस पकडायला धावतो तसं वाटतं, मिनिटभरात छाती भरून येते आणि आपल्याला जमत नाही असं ठरवून तो घरी येतो. मशीनवर आकडा समोर असतो. ६ ला भरभर चालणं, ७ ला अगदी सावकाश पळणं, आणि तो वेग पट्टा धरून ठेवतो, आपल्याला वाढवायचा मोह होत नाही. मी काउच टू फाइव्ह के चा, म्हणजे अजिबात न पळणाऱ्याला हळूहळू ५ किलोमीटरपर्यंत नेणारा प्लॅन धरला होता, आठवड्यातून तीन दिवस, पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं चालून मग ६० सेकंद पळा ९० सेकंद चाला असं २० मिनिटं. मूळ प्लॅन ९ आठवड्यांचा आहे, मला १२ लागले, काही आठवडे दोनदा केले आणि ते करावेत असंच माझं मत आहे. सातव्या आठवड्यात ७ च्या वेगाने सलग २० मिनिटं पळाले तेव्हा मशीनवरून उतरून मी सासूबाईंना मिठी मारली, त्या देवपूजा करत होत्या.

सासूबाईंचं पण सांगितलं पाहिजे. त्यांचं वय ७१, पावसात बाहेर चालणं बंद असतं. ताशी २ च्या वेगाने, कठडा धरून, मी शेजारी उभी राहून, त्या रोज पंधरा मिनिटं चालल्या. नुसत्या ह्यासाठीही भाडं वसूल झालं असं मी म्हणेन. आपण पळताना मात्र कठडा धरायचा नाही, अंगाचा भार हातांवर जातो आणि पायांना खरं काम होत नाही, स्क्रीनवरचे कॅलरीचे आकडे तर तसेही मनावर घेऊ नका.

उकाडा हा मोठा प्रॉब्लेम. बाहेर पळताना आपण पुढे जातो म्हणून अंगाला वारा लागतो, घरात जागच्या जागी असल्याने घाम वाळतच नाही. टेबलफॅन समोर ठेवल्याशिवाय पंधरा मिनिटांच्या पुढे मी जाऊच शकले नाही. आवाज दुसरा. खालच्या काकू चौथ्या दिवशी वर आल्या, "अगं, पहाटे आमचं छत धडधडतं, ह्यांना झोप नाही." त्यांचं बरोबर होतं. जाड रबरी मॅट घातली, मशीन खोलीच्या मधून भिंतीकडे बीमच्या वर सरकवली आणि सातच्या आधी सुरू करायची नाही असं ठरवलं, मग त्यांचा त्रास बराच कमी झाला. फ्लॅटमध्ये राहत असाल तर मॅट पहिल्या दिवसापासून घ्या. खालच्यांशी आधीच बोलून ठेवा.

लहान मुलं असतील तर हे नीट वाचा. मशीनला एक लाल सेफ्टी की, म्हणजे किल्ली, असते, तिची क्लिप कपड्याला लावूनच पळायचं, पडलो तर की निघते आणि पट्टा थांबतो. आणि झालं की ती की काढून उंचावर ठेवायची. मागच्या रोलरपाशी बोटं अडकून मुलांना वाईट इजा होतात. माझी मुलगी ९ वर्षांची, मी की देवघराच्या वरच्या फळीवर ठेवायचे.

सर्व्हिसला मात्र मी कमी मार्क देणार. दुसऱ्या महिन्यात पट्टा डावीकडे सरकून कडेला घासायला लागला, दुकानाला फोन केले, "उद्या माणूस पाठवतो" असं ९ दिवस चाललं आणि त्या दिवसांचं भाडं काही कमी केलं नाही. शेवटी व्हिडिओ बघून मीच केलं, मागे दोन बोल्ट असतात, पट्टा डावीकडे जात असेल तर डावा बोल्ट अ‍ॅलन कीने (षटकोनी टोकाच्या किल्लीने) पाव फेरा घट्ट करायचा, हळू वेगात फिरवून बघायचं, लागला तर अजून पाव. पाच मिनिटांचं काम. पट्ट्याखाली सिलिकॉन ऑइल घालायचं असतं तेही देताना कुणी सांगितलं नव्हतं, विचारून बाटली मागून घ्या.

ऑगस्टच्या शेवटी पाऊस जरा उघडला आणि मी तळजाईवर गेले. घरी २० मिनिटं होत होती म्हणून आत्मविश्वास होता, आणि तिसऱ्या मिनिटाला थांबले. नंतर कळलं काय झालं ते. समोर आकडा नव्हता म्हणून मी ९ च्या आसपास पळत होते, वर तो रस्ता डोळ्यांना सपाट वाटला तरी चढाचा आहे. पुढच्या वेळी मैत्रिणीला बरोबर नेलं आणि बोलत पळालो, पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त, एवढा एकच नियम. तेव्हा जमलं. आणि काय सांगू, झाडीत ओल्या मातीचा वास, मोराचं ओरडणं, २५ मिनिटं कधी झाली कळलं नाही, घरी मी १० व्या मिनिटापासून घड्याळ बघायचे.

पण पायांना ते नवीन होतं. पट्टा सपाट आणि थोडा मऊ, प्रत्येक पाऊल सारखं. टेकडीवर दगड, मुळं, उतार, वळणं, घोट्याला दर पावलाला सावरावं लागतं, आणि उतरताना मांड्यांवर सगळा भार. मी उत्साहाने लागोपाठ चार दिवस गेले आणि नडगी दुखायला लागली, दहा दिवस पळणं बंद. मशीनवर २० मिनिटं होत असली तरी बाहेर १० पासूनच सुरू करा, एक दिवस आड. पावसात उतारावर शेवाळ असतं तिथे चालायचंच. कुत्री दिसली तर पळणं थांबवून चालत पुढे जायचं, मला एवढ्यानेच कधी त्रास झाला नाही. रविवारी गर्दी खूप, पळायला मोकळी जागा मिळत नाही, मंगळवार-गुरुवार सकाळ उत्तम.

मला कुणी विचारलं तर मी असं सांगेन. जवळ टेकडी, मैदान किंवा निदान मोठी बाग असेल तर मशीन विकत घेऊ नका. पावसाळ्यात सुरुवात करताय, घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस आहे, किंवा काळोखात एकटीने बाहेर पडणं सुरक्षित वाटत नाही, तर दोन-तीन महिने भाड्याने घ्या आणि हळू पळणं शिकून घ्या. पण दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यातला एक दिवस बाहेरचा ठेवा, मी ते केलं असतं तर नडगीचे दहा दिवस वाचले असते. आणि पैसे घालायचेच तर आधी पळायच्या बुटांवर घाला, दोन्हीकडे तेच लागतात.

मार्क द्यायचे तर मशीन ५ पैकी साडेतीन, दुकानाची सर्व्हिस दीड, तळजाई साडेचार, अर्धा रविवारच्या गर्दीसाठी कापला. सप्टेंबरच्या मध्यावर मशीन परत दिली. ऑक्टोबरमध्ये ५ किलोमीटर पहिल्यांदा न थांबता झाले, ४३ मिनिटं, टेकडीवर. डिपॉझिट परत मिळायला १२ दिवस लागले आणि "कव्हरला ओरखडा" म्हणून ४०० कापले, तो ओरखडा आणतानाच होता पण माझ्याकडे फोटो नव्हता. तुम्ही घेतलीत तर मशीन घरात आल्या आल्या, त्या माणसांसमोरच, चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.