पक्ष्यांसाठी सेकंडहँड लेन्स: ४००, ५०० की ६००?

दिवाळी झाली आणि नाशिकहून मावसभावाचा फोन आला. त्याच्याकडे कॅननची ८०डी आहे, सोबत ५५-२५० ची लेन्स (हे आकडे लेन्सच्या लांबीचे, मिलिमीटरमध्ये; आकडा मोठा तितका लांबचा पक्षी मोठा दिसतो). नांदूर मध्यमेश्वरला दोन हिवाळे घालवल्यावर त्याला कळून चुकलंय की २५० मध्ये चक्रवाक म्हणजे पाण्यावरचा नारिंगी ठिपका. साठ हजार बाजूला काढलेत, घ्यायची ती सेकंडहँडच. "दादा, सरळ ६०० घेऊन टाकतो ना? लांबचं दिसलं म्हणजे झालं."

मी स्वतः पुण्यात सात वर्षं ४०० वापरतोय आणि बदलायचा विचारही नाही. तरी त्याला "माझ्यासारखी घे" म्हणालो नाही, कारण तो उभा राहतो पक्षी बघायच्या मनोऱ्यावर आणि मी हिंडतो कवडीच्या नदीकाठाने. पैसे तेवढेच असले तरी दोघांचं उत्तर एक येत नाही. त्याला तासभर फोनवर जे सांगितलं ते इथे जरा नीट मांडतो.

या टप्प्यात जुन्या बाजारात पुन्हा पुन्हा समोर येतात त्या चार: कॅननची ४०० एफ ५.६ प्राइम (म्हणजे झूम नसलेली; एफ हा अपर्चरचा, उजेड आत घेणाऱ्या छिद्राचा आकडा, तो लहान तितकं छिद्र मोठं), कॅननचीच पहिली १००-४००, निकॉनची २००-५००, आणि सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६००. ३०० एफ ४ वर १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची लांबी वाढवणारा जोड) हाही एक जुना मार्ग आहे (४२० एफ ५.६ होते), पण दोन जुन्या वस्तू तपासून घ्यायच्या म्हणजे डोकेदुखीही दुप्पट. तो सोडून देतो.

आधी लांबीचा हिशोब. ४०० वरून ६०० वर गेलात की पक्षी दीडपट मोठा दिसतो, पण फोटोत त्याच्या वाट्याला येणारे पिक्सेल सव्वादोन पट होतात, कारण वाढ लांबी आणि रुंदी दोन्हींत असते. ५०० ला हाच आकडा दीडपटीच्या जरा वर जातो. लहान पक्षी, लांबचा पक्षी, जवळ जायला वाव नाही, अशा वेळी हा फरक थेट दिसतो. मात्र भिगवणला दहानंतर पाण्यावरून हवा थरथरायला लागली की ६०० नेही रोहितांची पिसं लापशीसारखीच येतात. दीडशे मीटरवरच्या पक्ष्यासाठी लेन्स घेत असाल तर थांबा. तिथे लेन्सपेक्षा होडी आणि पहाटेचा गजर कामाला येतो.

कॅनन ४०० एफ ५.६

१९९३ ची लेन्स. वजन सव्वा किलो, हूड (काचेवर सावली धरणारी नळी) आतच बसवलेला, तो नुसता पुढे ओढायचा. झूम नाही आणि स्टॅबिलायझरही (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) नाही. आत फक्त सात काचा. एवढं कमी सामान असल्यामुळे फोकस झटकन लागतो आणि पूर्ण उघड्या अपर्चरलाही चित्र कडक येतं. सासवडकडच्या माळरानावर भोवत्या अंगावरून गेला, तर मान वळेल तशी ही लेन्स वळते. दोन किलोची लेन्स घेऊन हे करून बघा, दहाव्या मिनिटाला खांदा बोलायला लागतो.

दुखणी दोन. पहिलं, साडेतीन मीटरच्या आत ती फोकस करत नाही. अंगणातल्या जास्वंदीवर शिंजीर आला तर तुम्हालाच मागे सरकत जावं लागतं, आणि मागे भिंत असते. दुसरं आणि मोठं, स्टॅबिलायझर नसल्याने क्रॉप सेन्सरवर (८०डी सारख्या बॉडीतल्या लहान सेन्सरवर) हातात धरून १/६४० सेकंदाच्या शटरवेगाखाली उतरलात की हात हलल्याचं फोटोत दिसू लागतं. सिंहगडाच्या खोऱ्यात पाणवठ्यावर स्वर्गीय नर्तक उतरतो तेव्हा झाडाखाली उजेड एवढा कमी असतो की १/१२५ मिळाला तरी नशीब. तिथे मी बीन बॅग (लेन्स टेकवायची दाणे भरलेली पिशवी) आणि गुडघा यांच्या भरवशावर असतो, आणि दहातले सात फोटो पुसतो. कॅननची आर७ किंवा आर६ यांच्यासारखी, सेन्सरच स्थिर ठेवणारी मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी असेल तर अॅडॉप्टरवर ही लेन्स लावल्यावर हे दुखणं बरंच हलकं होतं. आर१० मध्ये ती सोय नाही, हे विसरू नका.

कॅनन १००-४००, पहिली आवृत्ती

१९९८ ची, ढकल-ओढ झूमवाली. झूमसाठी पुढचं नळकांडं हाताने पुढे-मागे करायचं. सायकलच्या पंपासारखं दिसतं म्हणून लोक तिला धूळ ओढणारा पंप म्हणतात. काही जण त्या कृतीच्या प्रेमात पडतात, मला ती कधी जमली नाही. वजन १.४ किलोच्या आत, १.८ मीटरपर्यंत जवळचा फोकस, आणि होडीत बसल्यावर सुरय अचानक डोक्यावर आला तर क्षणात १०० वर येता येतं. भिगवणच्या होडीसाठी याहून सोयीचं काही नाही.

मग शिफारस का करत नाही? तिचा स्टॅबिलायझर पहिल्या पिढीतला, जेमतेम दोन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). ४०० ला पूर्ण उघडी ठेवली की चित्र प्राइमपेक्षा मऊ येतं. आणि पंचवीस वर्षांच्या लेन्समध्ये हलणारे भाग जितके जास्त, तितकी पुढची दुरुस्ती महाग आणि सुटे भाग दुर्मीळ. २०१४ ची दुसरी आवृत्ती मात्र फारच वरची आहे, एक मीटरच्या आत फोकस करते, फुलपाखरंसुद्धा काढता येतात. ती साठ हजारात देतो म्हणणारा कुणी भेटला तर आधी लेन्स चोरीची नाही ना ते बघा.

निकॉन २००-५००

निकॉनवाल्यांचं काम सोपं आहे. २०१५ ची ही लेन्स २०० पासून ५०० पर्यंत एफ ५.६ च राहते, स्टॅबिलायझर साडेचार स्टॉपचा आणि खरोखर कामाचा, २.२ मीटरपर्यंत जवळचा फोकस. वजन कॉलरसकट (ट्रायपॉडला बसवायच्या कडीसकट) २.३ किलो. झूमची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायला मनगट दोनदा फिरवावं लागतं आणि फोकस प्राइमइतका चपळ नाही. बस, तक्रारी एवढ्याच.

एक फसगत मात्र टाळा. या लेन्सचं अपर्चर विजेवर चालतं, यांत्रिक दांडीवर नाही. त्यामुळे डी९०, डी८०, डी२०० अशा जुन्या बॉडीवर अपर्चर बदलताच येत नाही. डी७०००, डी५०००, डी३१०० आणि त्यांच्या पुढच्या बॉडी चालतात, निकॉनच्या मिररलेस झेड मालिकेत एफटीझेड अॅडॉप्टरवरही ती नीट चालते. विकणारा हे सांगेलच असं नाही, बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं.

सिग्मा आणि टॅमरॉन १५०-६००

मावसभावाचा डोळा होता तो यांच्यावर. सिग्माच्या दोन आहेत: स्पोर्ट्स (२.८६ किलो) आणि कंटेम्पररी (१.९३ किलो). स्पोर्ट्सची बांधणी भक्कम, पावसाला तोंड देणारी. पण हातात धरून पक्षी काढायचे असतील तर तिच्याकडे बघूसुद्धा नका, ती ट्रायपॉडची सून आहे. टॅमरॉनच्याही दोन: २०१३ अखेरची पहिली आणि २०१६ ची दुसरी, जिला सगळे जी२ म्हणतात.

मी क्रम असा लावेन: सिग्मा कंटेम्पररी आणि जी२ बरोबरीत, टॅमरॉन पहिली बरीच मागे. कारण काचेत कमी आणि देखभालीत जास्त आहे. सिग्माला यूएसबी डॉक मिळतो, जी२ ला टॅप-इन कन्सोल. त्यांवरून घरबसल्या फर्मवेअर (लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलता येतं आणि फोकस पुढे-मागे लागत असेल तर अंतरानुसार दुरुस्त करता येतो. पहिल्या टॅमरॉनला ही सोय नाही, फर्मवेअरसाठीही सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. उद्या मिररलेसला जायचं असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण जुन्या फर्मवेअरवर नव्या बॉडीत ऑटोफोकस अडखळू शकतो. शिवाय पहिल्या टॅमरॉनचा झूम फक्त १५० ला लॉक होतो. जरा वापरलेली असेल तर गळ्यात उलटी लटकवून चालताना नळकांडं आपोआप खाली सरकत जातं.

जवळच्या फोकसमध्ये जी२ पुढे, २.२ मीटर. कंटेम्पररीला २.८ लागतात.

आता ६०० ची किंमत. या सगळ्या त्या टोकाला एफ ६.३ वर येतात. ५.६ शी तुलना केली तर हा एक तृतीयांश स्टॉप, म्हणजे जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो रवाळ होतो) १६०० पुरला असता तिथे २०००. एवढ्याने काही बिघडत नाही. पण ६०० ला कडक चित्र हवं असेल तर बहुतेक जण एफ ८ वर जातात, आणि मग १६०० चे ३२०० होतात. हिवाळ्यातल्या उघड्या पाणथळीवर हे चालून जातं. आंबोलीत किंवा कर्नाळ्याच्या झाडीत, ढगाळ दिवशी, नाही चालत. उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० लागतो, त्याचाही हिशोब यातच धरा.

त्याच लेन्सचा कुठला नग?

सगळी चर्चा मॉडेलवर होते आणि पैसे बुडतात ते नगावर. माझी पहिली सेकंडहँड लेन्स मी मुंबईतल्या एका माणसाकडून संध्याकाळी कॉफीच्या दुकानात, पिवळ्या उजेडात घेतली. बाहेरून कोरी करकरीत. घरी येऊन टॉर्च मारला तर मागून दुसऱ्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. फंगस. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने कपाटात कातडी पिशवीत ठेवलेली लेन्स म्हणजे बुरशीला आमंत्रण, आणि कोकण-मुंबईकडच्या लेन्सला धोका अधिक. तेव्हापासून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारतो: पावसाळ्यात कशात ठेवता? ड्राय कॅबिनेट किंवा सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा असं उत्तर आलं की अर्धी काळजी मिटते.

टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारून पुढून बघा. धुळीचे चार कण प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात, त्यांनी फोटोत काही दिसत नाही. धागे, फांद्यांसारखी नक्षी किंवा दुधाळ पडदा दिसला तर उठा. स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे असतील तर लेन्स कुणीतरी उघडली आहे. का उघडली ते विचारा.

मग आपली बॉडी लावा, त्याची नव्हे. सर्वात लांब टोकाला, पूर्ण उघड्या अपर्चरला, समोरच्या दुकानाच्या पाटीचे फोटो काढा, व्ह्यूफाइंडरमधून आणि लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या पडद्यावर बघून). लाइव्ह व्ह्यूत कडक आणि व्ह्यूफाइंडरमधून मऊ येत असेल तर काच चांगली आहे, बॉडी आणि लेन्स यांच्यातली फोकसची जुळणी बिघडली आहे. ८०डी किंवा डी७२०० मध्ये ती बॉडीतूनच सुधारता येते, कॅनन १३००डी किंवा निकॉन डी५६०० सारख्या बॉडीत तो पर्यायच नाही. पाटीची एक बाजू कडक आणि दुसरी धूसर येत असेल तर आतली काच सरकली आहे, ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी नको. स्टॅबिलायझर चालू-बंद करून आवाज ऐका. हलकी घरघर चालते, खटखट नाही. जवळून लांब, लांबून जवळ असा फोकस वीसेक वेळा पळवा, एकदा जरी मध्येच अडकला तरी मोटर थकली समजा.

कॉलर आणि हूड सोबत आहेत का बघा, वेगळे घ्यायला गेलं की खिशाला चांगलीच कात्री लागते. बिल असेल तर त्यावरचा सिरियल नंबर लेन्सशी ताडून घ्या.

मावसभावाला शेवटी मी ६०० च घे म्हणालो. नांदूर मध्यमेश्वरला मनोऱ्यावर कठडा आहे, त्यावर बीन बॅग ठेवता येते, पक्षी लांब असतात आणि उजेड भरपूर. माझ्या ४०० ची एकही खुबी तिथे कामाची नाही. सिग्मा कंटेम्पररीचे दोन नग त्याने बघितले, पहिला उजव्या कडेला मऊ म्हणून सोडला, दुसरा घेतला. पहिल्याच रविवारी पट्टकादंबांचा फोटो पाठवला, चोचीवरचा पाण्याचा थेंबही मोजता यावा असा. खाली लिहिलं होतं: "दादा, मान धरलीय. मोनोपॉड कुठला घेऊ?"