एसक्यूएल सर्व्हर २०१९ एक्सप्रेस टाकला, पण ऑफिसचे बिट कुणी बघितलेच नाहीत

रबाळे एमआयडीसीत आमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट आहे. चलनं, कागदाचा स्टॉक, उधारी, सगळं अ‍ॅक्सेस २०१० (मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधला डेटाबेस प्रोग्राम) मध्ये, मागे डेटा साठवायला एसक्यूएल सर्व्हर २०१२ एक्सप्रेस. २०१२ चा सपोर्ट जुलै २०२२ मध्येच संपला, म्हणून यंदा २०१९ एक्सप्रेस घेतला. काम ठाण्याच्या एका माणसाला दिलं, नाव लिहीत नाही.

सर्व्हरला माझ्याकडून पैकीच्या पैकी. डेटाबेस कंपॅटिबिलिटी लेव्हल ११० वरच, म्हणजे २०१२ सारखाच वागेल असा ठेवला, एकही क्वेरी अडली नाही. एक्सप्रेसला एका डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा आहे, आमचा डेटा तीन जीबीसुद्धा भरत नाही. शिवाय फुकट.

घोळ झाला तो ऑफिसच्या पीसींवर. मायक्रोसॉफ्ट ऑफिस ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन प्रकारांत येतं, त्या माणसाने न विचारता ६४ बिटचं टाकलं. आमचा फ्रंटएंड, म्हणजे समोर दिसणारे फॉर्म, ही ३२ बिटवर बनवलेली एसीसीडीई (कोड बंद केलेली) फाइल, ती ६४ बिटच्या अ‍ॅक्सेसमध्ये उघडतच नाही. मूळ एसीसीडीबी, म्हणजे कोड बदलता येतो ती फाइल, मी जपून ठेवली होती. ती उघडली, तर कोडमधल्या प्रत्येक डिक्लेअर ओळीला (बाहेरची फंक्शन्स बोलावणारी ओळ) पीटीआरसेफ हा ६४ बिटसाठी लागणारा शब्द मागायला लागली. भरीस भर पीसीला सर्व्हरशी जोडणारा ओडीबीसी ड्रायव्हर १८. तो कनेक्शन एन्क्रिप्टच करायला बघतो आणि आमच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट त्याला पटेना.

सकाळी साडेनऊला गेटवर टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर चलन मागतोय. शेवटी स्टोअरमधल्या काकांनी कार्बन लावून हाताने चलन फाडलं. "ताई, जुन्यावरच जाऊ या," ते म्हणाले. पण स्टोअरचा जुना पीसी चालू होता, त्यावरून दोन दिवसांची कागदाची आवक नव्या सर्व्हरात चढली होती, आणि २०१९ चा बॅकअप २०१२ वर रिस्टोअर होत नाही. हे त्या ठाण्याच्या माणसाने आधी सांगायला हवं होतं. कामच त्याचं ते.

मग मीच ६४ बिटचं ऑफिस काढून ३२ बिटचं टाकलं. ड्रायव्हर १७ वर आणला. दुपारी चारला पहिलं चलन छापून आलं. सर्टिफिकेट नीट बसवलं की १८ वर जाऊ.

तुम्ही करणार असाल, तर आधी प्रत्येक पीसीवर अ‍ॅक्सेसमध्ये फाइल, अकाउंट, अबाउट (२०१० असेल तर फाइल, हेल्प) उघडून ३२ की ६४ ते वहीत लिहा. जुना सर्व्हर महिनाभर तरी पुसू नका. आमचा अजून टेबलाखाली आहे. त्या माणसाचं उरलेलं बिल मात्र मी थांबवलंय.