घरच्या स्टुडिओसाठी क्लोज्ड-बॅक हेडफोन: उन्हाळा-पावसाळा पार पडल्यानंतरचा अनुभव

प्रतापनगरमधल्या आमच्या घरी आतल्या एका खोलीत गायन, हार्मोनियम आणि तबला यांचे ध्वनिमुद्रण हौसेखातर चालते. ज्या खोलीत माईक उभा असतो, त्याच खोलीत मिक्सिंगही, म्हणजे मुद्रित आवाजांचा एकमेकांशी तोल साधण्याचे काम, करावे लागते. गेल्या हिवाळ्यात बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा क्लोज्ड-बॅक, म्हणजे कप मागून बंद असलेला, हेडफोन घेतला; त्यातील ८० ओहमचा (ओहम म्हणजे विद्युत अवरोधाचे एकक) प्रकार. नागपूरचा मे महिना आणि त्यानंतरचा दमट पावसाळा काढल्यावर आता त्याच्याविषयी लिहायला हरकत नाही.

गायकाच्या कानातला आवाज माईकपर्यंत पोहोचता कामा नये, ही पहिली अट असल्यामुळे सेनहायझर एचडी ६०० सारखे ओपन-बॅक, म्हणजे कप मागून उघडे असलेले, हेडफोन, ऐकायला कितीही मोकळे वाटले तरी, आमच्या कामाचे नव्हते. क्लोज्ड-बॅकमध्ये १९९१ पासून चालत आलेला सोनीचा एमडीआर-७५०६ आणि ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स हे दोन्ही विचारात होते. एम५०एक्सची केबल काढून बदलता येते, ही फार मोठी सोय आहे. डीटी ७७० प्रोची तीन मीटरची केबल कायमची जोडलेली असते आणि खुर्चीच्या चाकाखाली आली की जीव वरखाली होतो. तरीही निर्णय झाला तो कानावरच्या गाद्यांमुळे. पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना माईक सुरू करायचा म्हणजे कूलर बंद करायचा, आणि मग कृत्रिम चामड्याची गादी कानाला चिकटून बसते. आधीच्या एका हेडफोनच्या गाद्यांचे काळे पापुद्रे घामाने सुटून गळ्यावर, सदऱ्यावर पडत असत. डीटी ७७० प्रोच्या आमच्या प्रकारातल्या मखमली गादीत घाम जिरतो, पण ती चिकटत नाही आणि चष्म्याच्या काड्यांवर दाबही कमी येतो. मात्र तिच्यावर धूळ आणि केस भराभर बसतात, त्यामुळे मऊ ब्रश हाताशी ठेवावा लागतो.

ओहमचा आकडा जितका मोठा तितका आवाज सरस, अशी समजूत बरीच पसरली आहे, तिच्यावर विसंबू नये. हे मॉडेल ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळते. जास्त ओहमला तेवढ्याच आवाजासाठी जास्त व्होल्टेज लागते, आणि यूएसबीवर चालणाऱ्या साध्या ऑडिओ इंटरफेसकडे (माईक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाकडे) ते पुरेसे असेलच असे नाही. ८० ओहमला आमच्या दोन चॅनेलच्या इंटरफेसवर आवाज कधीच कमी पडला नाही.

ध्वनिमुद्रणात खरी परीक्षा गायकांनी घेतली. शास्त्रीय तालमीत वाढलेल्या गायकाला स्वतःचा आवाज खोलीतून ऐकण्याची सवय असते, म्हणून तो हटकून एक कप कानामागे सरकवतो आणि त्या मोकळ्या कपातून तानपुरा व क्लिक (लय धरण्यासाठी कानात वाजणारा ठोका) थेट संवेदनशील कंडेन्सर माईकमध्ये शिरतात. हेडफोन कितीही बंदिस्त असला तरी याला तो काय करणार? आम्ही मग सगळा मार्गदर्शक आवाज एकाच बाजूला पाठवू लागलो आणि दुसरी बाजू पूर्ण मुकी ठेवली. क्लिकचाही तीक्ष्ण 'टिक' बदलून मऊ लाकडी ठोका घेतला. विलंबित लयीत, दोन ओळींमधल्या शांततेत, आता काहीही ऐकू येत नाही.

मिक्सिंगला मात्र या हेडफोनशी सावधपणेच वागावे लागते. याचे वरचे स्वर, साधारण ८ ते ९ किलोहर्ट्झच्या आसपास, उठावदार आहेत; त्यामुळे अभंगातला 'विठ्ठल' गोड लागतो आणि 'संत', 'सखा', 'श्रीरंग' मधले स-श कानाला टोचतात. ते टोचतात म्हणून डी-एसर (स-श सौम्य करणारे साधन) वाढवत नेला, तर तोच अभंग साध्या स्पीकरवर बोबडा वाटतो. खालच्या बाजूलाही असेच आहे. डग्ग्याचा घुमारा येथे भरदार ऐकू येतो, त्याला भुलून तो कमी केला की गाडीत ऐकताना नुसती तबल्याची चाट (काठावरचा ठोका) वाजत राहते. आमचा शिरस्ता असा पडला आहे की संपादन, नको असलेले आवाज शोधणे आणि दोन टेकमधील सांधे तपासणे हेडफोनवर करायचे. गायन आणि तबला यांचा तोल मात्र सकाळी, रस्त्यावर वर्दळ नसताना, स्पीकरवर हलक्या आवाजात ठरवायचा. हेडफोनवर डाव्या कानाला उजवा चॅनेल ऐकूच येत नसल्यामुळे हार्मोनियम बाजूला किती न्यायचे याचा अंदाजही तेथे हमखास फसतो.

सुमारे २७० ग्रॅम वजनाचा मला त्रास झाला नाही, पण सुरुवातीला पकड घट्ट वाटली आणि ती सैल पडायला काही आठवडे गेले. गाद्या बदलून मिळतात, ही जमेची बाजू. बदलताना शक्यतो मूळ प्रकारच्याच घ्याव्यात, कारण गादीची जाडी आणि कापड बदलले की खालच्या स्वरांचा भरही बदलतो आणि कानाला लागलेली ओळख पुन्हा पहिल्यापासून करून घ्यावी लागते. फक्त मिक्सिंगच करणाऱ्याने, आणि ज्याच्या खोलीत माईक नाही त्याने, हा हेडफोन घेऊ नये. त्याच्यासाठी ओपन-बॅकच बरा.